बिनकामाचं जनावर

संध्याकाळचे सात वाजायला आले की मी जिथं असेन तिथून घराकडं निघतो. बागेत पाणी चालू असलं तर सालदाराला कॉक बघायला सांगतो. पारावर गप्पा रंगल्या असल्या तर अर्ध्यातून उठतो. लोक हसतात. "आप्पांची शिफ्ट लागली," म्हणतात. शिफ्टच आहे ती. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन टायमाला आमच्या कुत्रीला फेफऱ्याची गोळी द्यावी लागते. एक चुकली तर चालत नाही. साय लावलेल्या भाकरीच्या तुकड्यात गोळी दडवायची. गंगी साय चाटून घेते, भाकरी खाते आणि गोळी ओट्यावर ठेवते. मग दुसरा तुकडा. माणसाला फसवायला एवढी मेहनत लागत नाही.

या कुत्रीनं आमच्या घरी एक दिवस राखण केलेली नाही. चोर आला तर ती पहिली ट्रॉलीखाली जाईल. मागचा डावा पाय मोडून वाकडा जुळलेला, तीन पायांवर उड्या मारत चालते. जबडा सारखा लपलप हलतो, झोपेतसुद्धा. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा झटका अजून येतोच. असलं जनावर मी, शेतकऱ्याच्या पोटचा माणूस, तीन वर्षं का सांभाळतोय, हा प्रश्न मला गावातल्या लोकांनी विचारला त्याच्या आधी मीच मला विचारला होता. अजून विचारतो.

आमचं शिवार मखमलाबादचं, पंचवटीला लागून. बाजार पंचवटीचाच. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात आम्ही टमाटे, कोथिंबीर विकत आलो. सूनबाई खास पंचवटीतली, काळारामाच्या मागच्या गल्लीत माहेर. लहानपणापासून गंगेवर वाढलेली. (नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, ही चुकली.) 2022 च्या आषाढात ती माहेराहून आली ती मांडीवर एक पोतं घेऊन. पोत्यात ही. गौरी पटांगणावर पिंडाच्या भातावर वाढलेली, पिल्लू असताना डिस्टेंपर झालेली. त्या रोगातून पिल्लं सहसा वाचत नाहीत, वाचली तर मेंदूला लागलेला चटका मागं राहतो. हिचा जबडा आणि फेफरं ही त्याचीच खूण. वर एका टेम्पोनं पाय मोडला. जनावरांसाठी धडपडणाऱ्या काही पोरापोरींनी उचलून तिला सहा महिने जगवलं आणि घर शोधत होती. घर मिळेना. लंगडी, फेफऱ्याची, आणि मुख्य म्हणजे कुत्री.

आमच्याकडं दारावर कुत्रा असायचा, कुत्री कधी नसायची. शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली की नर तेवढे वाटून जायचे. मागं राहिलेल्या माद्या पोत्यात घालून लांब बाजाराच्या वाटेला सोडायचं काम पोरांकडं असायचं. मी स्वतः दोनदा केलंय. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं घरात कुणी म्हटलं नाही, मलाही वाटलं नाही. त्यामुळं पोत्यातून मादी काढून घरात आणताना सूनबाईला बघितलं, तेव्हा मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नातीनं नाव ठेवलं गंगी. आठव्या दिवशी गंगी मला चावली. मी वैरणीचा भारा टाकून हातात काठी घेतली होती, तिच्यासाठी नव्हे, गाईसाठी. तिला ते कसं कळावं? पोटरीत दोन दात रुतले. घरातले सगळे घाबरले. तिला लस दिलेली होती, तरी डॉक्टर म्हणाले, जोखीम घ्यायची नाही. साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली आणि इंजेक्शनं सुरू केली. त्याच दिवशी एक, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सगळी दंडात. माझ्या लहानपणी बेंबीभोवती चौदा टोचायचे, त्या धाकानंच माणूस कुत्र्याला दगड मारायचा. आता ती धास्ती गेली, पण रोग तोच आहे. पिसाळ एकदा अंगात उठली की माणूस हाती लागत नाही. म्हणून हे लिहून ठेवतो, चावल्यावर हळद-मिरची, झाडपाला करत बसू नका.

मला राग आला होता. म्हटलं, परत नेऊन द्या. सूनबाई काही बोलली नाही. आमच्या मंडळीनं मात्र विचारलं, "परत म्हणजे कुठं?" मला उत्तर देता आलं नाही.

तीन महिने गंगी ट्रॉलीखाली राहिली. भाकर टाकली की आम्ही लांब गेल्यावर खायची. कुदळीचा दांडा, झाडूचा दांडा, छत्री, काहीही लांबट दिसलं की मुतायची. त्याच दिवसांत तिला गोचीड ताप झाला. नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, अन्न सोडलं. आम्हाला गाईचा गोचीड ताप माहीत, कुत्र्याला होतो हे नवीन. रक्त तपासलं, महिनाभर गोळ्या चालल्या. त्या महिन्यात तिला धरून गोळी घालायची वेळ माझ्यावर आली, कारण सकाळी गोठ्यात मीच असतो. गोळी घालणारा हात रोज यायचा आणि मारत नव्हता. एवढंच झालं असावं. एका पहाटे धार काढत होतो, पाठीला काहीतरी टेकलं. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पळाली असती. बादली भरून गेली तरी मी सडाला हात लावून तसाच बसून होतो, गाय वळून बघायला लागली.

लोकांना वाटतं, कुत्र्याला प्रेम दिलं की लगेच शेपूट हलवतं. तसं नसतं. आपण ज्याला प्रेम म्हणतो ते त्याला बरेच दिवस नुसतं माणूस जवळ आला असं वाटत असतं. आणि माणूस जवळ आल्यावर काय होतं, ते त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

एक गंमत सांगतो. डॉक्टरांनी खाण्याची यादी सांगितली तेव्हा म्हणाले, द्राक्ष आणि बेदाणा अजिबात नको, कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदाही नको, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही नाशिक जिल्ह्यात बसून बोलताय ना? आमच्या दोन्ही पिकांवर काट मारली की हो! घर द्राक्षावर उभं राहिलं, देणं कांद्यानं फेडलं, आणि ही नेमकी दोन्हींनी मरणारी. तेव्हापासून काढणीच्या दिवसांत शेडखाली गळलेला मणी न् मणी नात वेचून काढते. व्यापाऱ्याच्या माणसालासुद्धा तिनं एकदा दम दिला.

पहिलं फेफरं बघितलं ते ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत. पडवीत आडवी झाली, चारही पाय मारायला लागली, तोंडाला फेस. शेजारचे म्हातारबा धावत आले, "चप्पल धरा नाकाला, कांदा हुंगवा." मी कांदा फोडलासुद्धा. सूनबाईनं हात धरला. "काही करायचं नाही, आप्पा. तोंडात बोट घालायचं नाही. दिवा मालवा, गडबड करू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना." मी घड्याळ बघत बसलो. दीड मिनिट. आयुष्यात इतकं लांब दीड मिनिट मी बघितलेलं नाही. उठल्यावर तिला काही दिसत नव्हतं, भिंतीला धडकत होती, आणि धडकत धडकत माझ्या पायाशी आली. चावलेल्या पोटरीपाशीच.

त्या रात्री मी तिला घेऊन पंचवटीत दवाखान्यात गेलो. औषधाचं बिल काय झालं ते मी घरात सांगितलं नाही, पण गावात कळलं. दुसऱ्या दिवशी आमचा सालदार उचल मागायला आला. त्याच्या बायकोचा खोकला महिनाभर हटत नव्हता. मी सवयीनं म्हटलं, "शनिवारी बघू." आमच्यात शनिवारी बघू म्हणजे नाही असतं, हे त्याला माहीत. तो गेला नाही. गंगीकडं बघून सहज बोलल्यासारखं बोलला, "रात्री दवाखान्यात जाऊन आला म्हणं तुम्ही."

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही.

मी पैसे दिले. नुसते दिले नाहीत, दुपारी जीप काढून त्याच्या बायकोला तपासायला नेलं. पण ते दयेनं नाही केलं, शरमेनं केलं, आणि तो फरक त्यालाही कळला असणार. तेव्हापासून एक विचार डोक्यात बसला आहे. कुत्र्यासाठी आपलं मन इतकं चटकन पाझरतं, ते कुत्रं काही मागत नाही म्हणून का? सालदार उचल मागतो, म्हणजे हिशोब मागतो. त्याच्याकडं बघताना मला त्याची दारू आठवते, मागची न फिटलेली उचल आठवते, दोन खाडे आठवतात. कुत्रीचा काही इतिहास माझ्या वहीत नाही. मुक्या जनावरावर दया करणं सोपं, कारण ते आपल्या वहीत नसतं.

सप्ताहात बुवा धर्मराजाच्या कुत्र्याची कथा नेहमी लावतात. महाप्रस्थानाला पांडव निघाले, वाटेत द्रौपदी पडली, मग एकेक भाऊ पडला, शेवटी धर्मराज आणि मागून आलेलं कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला, म्हणाला कुत्रं सोड. धर्मराज म्हणाला, जे माझ्या भरवशावर आलं त्याला सोडून स्वर्ग नको. इथं मंडपात टाळ्या पडतात, म्हाताऱ्या डोळे पुसतात. मीही पुसलेत. पण गंगी आल्यापासून मला त्या कथेचा अलीकडचा भाग टोचतो. द्रौपदी पडली तेव्हा धर्मराज थांबला नाही. भीमानं विचारलं, ही का पडली, तर त्यानं तिचा दोष सांगितला. सहदेव पडला, त्याचा दोष सांगितला. नकुलाचा, अर्जुनाचा, शेवटी भीमाचाही. सगळ्यांची खाती त्याच्याकडं तयार होती. आणि जिथं खातं नव्हतं तिथं तो थांबला. पुढं स्वर्गात भाऊ दिसेनात तेव्हा तो त्यांच्यासाठी नरकातही उभा राहतो, हे खरं आहे, बुवा ते सांगायला विसरतात. पण त्या वाटेवर तरी तो माझ्यासारखाच होता. फरक एवढाच की त्याचं कुत्रं शेवटी प्रत्यक्ष धर्म निघालं. आमची गंगी गंगीच राहिली, दोन टायमाच्या गोळीसकट.

आता जे सांगायचं ते सांगतो. इतका वेळ टाळत होतो.

आमच्याकडं हौशा नावाचा बैल होता. घरच्या गाईचा गोऱ्हा, माझ्या हातानं नांगराला धरलेला. चौदा वर्षं त्यानं काम केलं. आज जिथं बाग उभी आहे ते माळरान होतं, त्यातले दगड त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं ओढून बांधाला लावले. शेणखताच्या किती गाड्या ओढल्या त्याला गणती नाही. 1994 साली त्याचा खांदा बसला. उभा राहिला तरी पाय थरथरायचे. त्या वर्षी बागेच्या औषधाचं देणं होतं, छाटणी तोंडावर होती. पोळ्याला मी त्याची शिंगं रंगवली, झूल घातली, पुरणपोळी चारली, पाया पडलो. आणि दसऱ्याच्या आत त्याला विकला. पंधराशे रुपयांना. घेणारा शेतकरी नव्हता हे मला माहीत होतं. तेव्हा म्हाताऱ्या बैलाला दाखला मिळाला की कापायला परवानगी होती. 2015 पासून राज्यात बैलालाही ती बंदी लागू झाली. त्यानं एक दार बंद झालं हे बरंच, पण कायद्यानं कुणाच्या गव्हाणीत वैरण टाकली नाही, म्हातारी जनावरं आता रात्री कुणाच्याही शिवारात सोडलेली सापडतात. असो. मी कायद्यामागं लपणार नाही.

पंचवटीचा पांजरापोळ 1878 पासून आहे. माझ्या आज्याच्याही आधीपासून. भाकड, लंगड्या जनावरांसाठी माणसांनी वर्गणी काढून उभं केलेलं ठिकाण. चुंचाळ्याकडं त्यांचं मोठं रान आहे. मला ते माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडं म्हातारी माणसं रुसली की म्हणतातच, "मला पांजरापोळात नेऊन घाला." पण तिथं हौशाचे पंधराशे मिळाले नसते. आमच्या मंडळीनं तेव्हा एकच वाक्य म्हटलं होतं, "वैरण मी माझ्या डोक्यावर आणीन." मी म्हणालो, तुला हिशोब कळत नाही.

टेम्पो आला. मला वाटलं होतं, तो चढणार नाही, ओढावं लागेल. तर मी "चल" म्हटलं आणि तो स्वतः फळीवर चढला. चौदा वर्षं चल म्हटलं की चालायची सवय. आमच्या घरची रीत अशी की जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही. मी दावं सोडून घेतलं. ते अजून खुंटीला आहे.

तर ज्यानं माझं घर उभं केलं त्याला मी पंधराशेला घालवलं, आणि जिनं माझं काडीचं काम केलं नाही, उलट मला चावली, तिला मी सायीत गोळी देतो. याचा अर्थ काय लावायचा? पारावरचे म्हणतात, आता पैसा आला, पोरं कमावती झाली, म्हणून दया सुचते. त्यात खोटं नाही. 1994 मध्ये गंगी आली असती तर मी तिला त्याच दिवशी वाटेला सोडली असती. दया करायलाही घरात दोन पोती धान्य जास्त लागतं. पण तेवढंच खरं असतं तर गावातल्या सगळ्या बागायतदारांच्या ओट्यावर एकेक लंगडं कुत्रं दिसलं असतं. आणि आमची मंडळी फाटक्या लुगड्यात वैरण आणायला तयार नसती झाली.

कुणी म्हणतं, हौशाचं पाप फेडतोयस. तेही मला पटत नाही. हौशाचं देणं हौशालाच द्यायचं होतं, ते गंगीला दिलं म्हणून फिटत नाही. रामकुंडाच्या वर कपालेश्वराचं देऊळ आहे, तिथं महादेवापुढं नंदी नाही. सांगतात की ब्रह्महत्येतून सुटायचा मार्ग महादेवाला एका वासरानं दाखवला, म्हणून त्याला गुरु मानलं, आणि गुरूला समोर बसवायचं कसं? मी दर श्रावणात तिथं जातो. पूर्वी मोकळी जागा बघून कथा आठवायची. आता दुसरंच आठवतं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरच्या पोराला भटकी कुत्री चावली तेव्हा लोक आमच्याही दारात आले. गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे 2025 साली, सुप्रीम कोर्टानं दिल्लीची सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात टाका म्हटलं आणि अकरा दिवसांत तो हुकूम बदलला. नसबंदी आणि लस करून आहे तिथं परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी तेवढी ठेवा. पारावर आठवडाभर तेच भांडण. मला दोन्ही बाजू दिसतात. पोराचा फाटलेला गाल मी बघितला आहे. पण रस्त्यावरचं कुत्रं काही रस्त्यानं जन्माला घातलेलं नाही. माद्या पोत्यात घालून सोडणारे आमच्यासारखेच. हे पारावर बोललो तर सगळे गप्प झाले. मीही.

परवा आमची मंडळी म्हणाली, कार्तिकीला पंढरपूरला जाऊ. मी म्हटलं, आणि सात वाजता? ती म्हणाली, "सालदाराच्या बायकोला दाखवून ठेवलंय गोळी कशी द्यायची. गंगी तिच्या हातची घेते. तुमच्यापेक्षा लवकर घेते." हे कधी ठरलं, मला ठाऊक नाही. तिचा खोकला तपासल्यावर क्षय निघाला होता, सहा महिने सरकारी गोळ्या घेऊन बरी झाली. गोळी न चुकवणं म्हणजे काय, ते तिला शिकवावं लागलं नाही.

गंगी आता ट्रॉलीखाली झोपत नाही. पहिल्या हिवाळ्यात थंडी पडली तेव्हा तिला काहीतरी अंथरायला हवं म्हणून मी पोतं शोधत होतो. पोतं बघितलं की ती पळायची. आमची मंडळी आत गेली, पेटीतनं काहीतरी काढून आणलं आणि पडवीत घडी घालून टाकलं. कंदिलाच्या उजेडात नीट दिसलं नाही. सकाळी बघितलं तर हौशाची झूल. आरसे बरेचसे गळालेले, लाल रंग विटलेला. अठ्ठावीस वर्षं तिनं ती जपून ठेवली होती आणि मला सांगितलं नव्हतं. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. चहा ठेवायला गेली.

गंगी त्या झुलीवर जबडा टेकून पडली होती. जबडा हलत होता, त्याबरोबर राहिलेला एक आरसा हलत होता. सात वाजले होते. मी भाकरी मोडायला उठलो.